दिवाळीत घेतली असती तर

अमरावती, रविवार, १५ जानेवारी १९६१

अकोल्याच्या डॉक्टरांची जुनी मोटार आज आणली. शांतेचे पाय गेल्यापासून तिला बसमध्ये चढता येत नाही. दर्यापूरला तिच्या आईकडे नेता यावं, म्हणून गाडी हवी होती. दिवाळीतच पाहिली होती. किंमत उतरेल म्हणून मीच थांबलो. मागच्या महिन्यात सासूबाई वारल्या. दिवाळीत घेतली असती तर? आणि आता तरी का घेतली?

शांता म्हणाली, "आता दर्यापूरले कोनाकडे जाऊ मी?"

तिला उचलून गाडीत बसवलं, दर्यापूरच्या रस्त्याला लागलो. थोड्याच वेळात ती रडू लागली. "वापस चला."

घराशी आल्यावर उतरेना. "आईनं पायलं असतं ना मले, गाडीतून उतरताना," एवढंच बोलली.