अंधाऱ्या खोलीबाहेर

अण्णा, मी डॉक्टरकीत एक्स-रे आणि सीटीची शाखा घेतली ती तुमच्यामुळे. मी शाळेत असताना तुम्हाला जामखेडहून नगरच्या दवाखान्यात आणलं होतं. वॉर्डाच्या दारातून तुमचा धापा टाकणारा चेहरा दिसला आणि मी मागं फिरले. तुम्ही गेल्यावर मला चेहरेच नको झाले. इथं अंधारी खोली असते आणि स्क्रीनवर कुणाची तरी छाती. तेवढंच.

मग साथ आली आणि आम्हा शिकाऊ डॉक्टरांना त्या खोलीतून उठवून कोविड वॉर्डात उभं केलं. मास्क कसा बसवायचा, इथपासून सिस्टरांना विचारावं लागलं. तिथं घोडेगावकडचे एक बाबा होते, बैलबाजारात उभा जन्म गेलेले. त्यांचा सीटी मीच बघितला होता. दोन्ही फुप्फुसं पांढरी पडलेली. त्यांच्याशी बोलताना माझी नजर मॉनिटरवर असायची. एका सकाळी त्यांनी ऑक्सिजनचा मास्क खाली ओढला. "बाई, त्या डब्याकडं काय बघती? माझ्याकडं बघून सांग. मी वाचत न्हाई ना?" लहानपणी चुलीपुढं मी खाली बघून बोलले, तेव्हा तुम्ही मला असंच रागावला होतात. "मी एसटीत तिकीट देताना बी माणसाच्या तोंडाकडं बघतो," म्हणाला होतात.

मी बघितलं. "अवघड आहे, बाबा. पण आम्ही प्रयत्न सोडलेले नाहीत."

"बरं झालं बोललीस. म्हातारीला फोन लाव."

मी फोन त्यांच्या कानाशी धरला. "जेवला का?" पलीकडून म्हातारी विचारत होती. "जेवलो. तू त्या गेटाम्होरं बसू नको, लेकीकडं जा." "मी हितंच बसंन." "लई हट्टी हाय," ते मला म्हणाले, आणि हसताना त्यांना धाप लागली.

पुढं थोड्याच दिवसांत, भर दुपारी ते गेले. मी गेटवर गेले तर म्हातारी तिथंच बसलेली.

"जवळ कोन हुतं?"

"मी होते, मावशी."

"काय म्हनले?"

"काही नाही. माझा हात धरून होते."

ती उठली आणि तिनं माझा हात दोन्ही हातांत घेतला. नियमानं मी मागं सरायला हवं होतं. सरले नाही.

आता मी परत स्क्रीनपुढं असते. छाती पांढरी दिसली की हात थांबतो, रिपोर्ट मागं पडतात, वरिष्ठ बोलतात.

हे लिहिलेलं आईला दाखवता येणार नाही. तुमच्या माघारी ती घरी एकटी काळजी करत बसेल म्हणून त्या सगळ्या काळात मी तिला सांगत होते, मी माझ्या खोलीतच आहे, पेशंट समोर येतच नाहीत. ती आजही शेजारणींना तसंच सांगते, अण्णा, आणि मी शेजारी बसून मान डोलावते.