धुरात टांगलेली आठ कार्डं

नंदिगड्डे, ८ जुलै २०२५

चि. मयूरीस दादाचे अनेक आशीर्वाद.

इकडे क्षेम. फोनला रेंज अजून नाहीच, तेव्हा निकाल पत्रानेच घे. तुझ्या ट्रेडिंग कार्डांचे दोन्ही डेक मी आणि तुझी फुलावहिनी वीस डाव खेळून पाहिले. आगीचा डेक सहा वेळा जिंकला, रानाचा चौदा वेळा. बेळगावच्या स्पर्धेला रानच ने.

पावसाने सगळ्याला ओल धरली आहे. म्हणून रानाच्या डेकमधली आठ जबर कार्डं निवडून, फडक्यात बांधून, चुलीवर पावट्याच्या बियाण्याशेजारी टांगली होती. एकालाही बुरशी नाही! दोन्ही डेक शिवानंद कंडक्टरकडे देतो आहे. जिंकलीस तर अर्धं श्रेय वहिनीचं, असं तिने आत्ताच बजावलं आहे.

तुझा,
महाबळेश्वरदादा

बेळगाव, १३ जुलै

ती. दादास सा. न. वि. वि.

डेक पोचले. दादा, काय करून बसलास! ती आठ कार्डं धगीने वाकली आहेत. प्लॅस्टिकच्या कव्हरातही बाक दिसतो. माझ्या मैत्रिणीने, पूजाने, पालथ्या डेकमधून आठच्या आठ उपसून दाखवली. वरचं कार्ड आधीच ओळखू आलं तर ती लबाडी. नेमकी जबर कार्डंच कशी वाकली, असं पंच विचारतील आणि मला लबाड ठरवून बाहेर काढतील.

विद्यार्थी गटातलं हे माझं शेवटचं वर्ष. पहिल्या चौघांनाच बंगळूरला पाठवणार आहेत. तशी कार्डं इथे मिळत नाहीत. वह्यांखाली दाबून पाहिली, उपयोग नाही. आगीचा डेक हरतो, हे तुम्हीच दाखवलंत.

एकदा विचारायचं होतंस रे. फार राग आला आहे, खोटं कशाला लिहू? वहिनीस नमस्कार.

मयूरी

नंदिगड्डे, १६ जुलै

मयूरीवन्संना फुलाचा नमस्कार.

तुमचं पत्र आल्यापासून हे धड जेवलेले नाहीत. माज्याच हातानं पोरीला चोर केलं, एवढंच म्हणतात. काल बियाण्याचं गाठोडं काढून पावसात फेकलं. तुमचा राग खरा आहे. पण चांगलं ते निवडून धुरात जपायचं, एवढीच माया त्यांना येते.

आठच वाकली म्हणून ओळखू येतात ना? मग त्या डेकची साठही कार्डं इकडे धाडा. उरलेली बावन्न मी टांगते, त्या आठांशी रोज ताडून बघते. सगळीच सारखी झाली, तर कोण कुणाला ओळखणार?

मनात काही ठेवू नका.

फुला

बेळगाव, २८ जुलै

ती. दादा-वहिनींस मयूरीचा शि. सा. नमस्कार.

वहिनीने टांगून परत धाडलेली साठही कार्डं पंचांनी पालथी पसरली, आडवी धरून पाहिली, वाससुद्धा घेतला. चुलीचं सगळं खरं सांगून टाकलं. बाक सगळ्यांना सारखाच, म्हणून खेळू दिलं.

चार फेऱ्या जिंकले, पाचवीत हरले. पाचवा नंबर आला, बंगळूर हुकलं. खूप रडले. शेवटच्या डावात एकच जबर कार्ड हवं होतं. डेककडे बघत राहिले, पण वरचं कुठलं ते काही केल्या कळेना. उचललं, तर साधंच निघालं.

कळलं नाही, म्हणूनच तर हरल्यावर समोरच्याच्या डोळ्यांत बघून त्याचा हात हातात घेता आला, दादा.

आता नीट जेव. गणेश चवथीला येताना पावट्याचं बी आणते. ते मात्र तूच टांग. माया आहे तशीच असू दे.

तुमची,
मयूरी