साडूचा पिवळा मीटर

३ मार्च, सोमवार
आजपासून रोज लिहायचं. गॅरेजमध्ये आज जे झालं त्याची कुठेतरी नोंद हवी. पुढे लोक विचारतील, सुरुवात कशी झाली.

मागची खोली रिकामी करून तिथे वायरिंगचं काम वेगळं करणार, असं मालकांनी जाहीर केलं. त्या खोलीला एक हेड. हेड म्हणजे मी, नाहीतर साडू. मी इथे शटर बसायच्या आधीपासून आहे. साडूला इथे चिकटवलासुद्धा मीच, बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा म्हणून. तेव्हा प्रश्नच नाही.

फक्त त्याच्याकडे मल्टिमीटर आहे. पिवळा. रबराचं जाकीट घातलेला. माझ्याकडे टेस्ट लॅम्प. करंट असला तर पेटतो, नसला तर नाही. माणसाला याहून जास्त काय कळायला हवं?

निश्चय: त्या मीटरकडे बघायचं नाही.
संध्याकाळी: बघितलं. पण तुच्छतेने.

४ मार्च, मंगळवार
त्याचा मीटर आज गाडीखालच्या खड्ड्यात पडला. सगळे अरेरे म्हणाले, मी सर्वांत मोठ्याने. साडूने उतरून उचलला, फडक्याने ऑइल पुसलं. चालू! मला वाईट वाटलं. खोटं कशाला बोलू, चालू होता म्हणूनच वाटलं.

घरी आलो तर ही म्हणाली, धाकटीच्या नवऱ्याने मीटर लावून त्यांचा मिक्सर बसल्या बैठकीला दुरुस्त केला म्हणे. मग आमच्या फ्रिजवरच्या मिक्सरकडे बघत राहिली. तो मी गेल्या वर्षी उघडलाय. घाई माझ्या स्वभावात नाही.

निश्चय: मीटर घ्यायचा. टिकाऊ, स्वस्त, आणि साडूपेक्षा भारी.

६ मार्च, गुरुवार, जेवणाच्या सुट्टीत
दुकानदाराने विचारलं, कशासाठी हवाय. गाडीच्या कामाला, म्हटलं. मग दहा अँपियरपर्यंत मोजणारा घ्या, आत फ्यूज असलेला, वर रबर असलेला, वायरी जाड बघा, बाकी काही नसलं तरी चालेल, असं म्हणत त्याने एक पिवळा काढून समोर ठेवला. साडूच्या मीटरचा जुळा भाऊ! अंगाचा तिळपापड झाला. याच्यापेक्षा जास्त गोष्टी मोजणारा दाखवा, म्हटलं.

तेवढ्याच पैशात निळा निघाला. तापमान मोजतो, मागे टॉर्च, भिंतीतली वायर ओळखतो, आणि आकडे असे की समोरच्या फूटपाथवरून वाचता येतील. गाडीत भिंत नसते, असं दुकानदार म्हणाला. अशाने धंदा होत असतो का? फ्यूज यालाही आहे. तो कधी उडतो, उडाल्यावर काय होतं, हे तो सांगत होता, पण मी टॉर्च लावून बघत होतो.

९ मार्च, रविवार
दिवसभर मोजमाप. फ्रिज मोजला, चहा मोजला. हिने स्वतःला मोजू दिलं नाही. भिंतीवरच्या घड्याळाचा सेल मोजला, ठणठणीत. ही म्हणाली, घड्याळ कालपासून बंद आहे. म्हटलं, मग दोष घड्याळात. साधनावर विश्वास ठेवायला शिकलं पाहिजे.

संध्याकाळी साडू आणि धाकटी आली. मीटर सहज टीपॉयवर ठेवला होता, टॉर्च चालू करून. छान आहे दादा, असं म्हणाला साडू. एवढंच! माणसाच्या पोटात दुखायला लागलं की तो कमी बोलतो. मी मात्र त्याच्या मीटरचे दोष मनमोकळेपणाने सांगितले. ते जेवायला बसेपर्यंत सांगत होतो, जेवताना थोडे राहिलेले सांगितले.

११ मार्च, मंगळवार
डॉक्टरबाईंची गाडी आली. रात्रभर उभी राहिली की सकाळी बॅटरी उतरलेली. म्हणजे गाडी बंद असूनही कुठेतरी करंट गळतोय. मालक सगळ्यांसमोर म्हणाले, गळती जो काढेल त्याची खोली. सीनियर म्हणून पहिला हात माझा.

सकाळी: लाल वायर मीटरच्या दहा अँपियरच्या भोकात घातली, बॅटरीची काळी केबल सोडून मध्ये मीटर जोडला. आकडा आला! गळती आहे. मालक खूश. खोलीला कोणता रंग द्यायचा ते मनात ठरवलं.

थोड्या वेळाने: मालक म्हणाले, व्होल्टही बघ. मी बटण व्होल्टवर फिरवलं आणि दोन्ही टोकं बॅटरीला लावली. लाल वायर होती त्याच भोकात होती. व्होल्टचं भोक शेजारी आहे, पण एवढ्या तेवढ्यासाठी कोण काढघाल करतं? फाट्कन ठिणगी उडाली. मी मागे सरकलो तो ऑइलच्या ट्रेमध्ये बसलो. तिथूनच मालकांना सांगितलं, बॅटरीत दम आहे.

नंतर: गळती पुन्हा मोजली. शून्य! किती वेळा मोजली तरी शून्य. ठिणगीनेच साफ झाली असणार. तेवढ्यात साडू कानाशी आला. म्हणाला, दादा, मीटरचा फ्यूज उडालाय बहुतेक, तो बदलल्याशिवाय हे शून्य धरू नका. आलंच ना पोटातलं ओठावर! मी मोठ्याने जाहीर केलं, गाडी बरी झाली.

१२ मार्च, बुधवार
काल घरी पाठवलेली गाडी सकाळी चालू झाली नाही. डॉक्टरबाई ऑपरेशनला शेजाऱ्याच्या स्कूटरवर मागे बसून गेल्या. फोनवर त्या काय म्हणाल्या ते सगळ्या गॅरेजला कळलं, कारण मालकांनी फोन कानापासून हातभर लांब धरला होता.

मग गाडी ओढून गॅरेजला आणली, बॅटरी चार्ज केली. साडूने पिवळा मीटर जोडला आणि गाडीचे फ्यूज एकेक करून उपसत बसला. एक काढल्याबरोबर आकडा धपकन खाली आला. डिकीतला दिवा. डिकी उघडली की विझायचा, लावली की आतल्या आत पेटायचा. बटणच उलटं जोडलेलं. कोणी जोडलं, असं मालकांनी विचारलं. मागच्या सर्व्हिसिंगला मी जोडलं तेव्हा सरळ होतं. बटणं फिरतात.

१४ मार्च, शुक्रवार
खोली साडूला. मालकांनी सगळ्यांना चहा मागवला. मी घेतला नाही. नंतर घेतला, तोवर गार झाला होता.

जळफळाट झालाय. लिहून टाकतो, इथे कोण वाचतंय. मी आणलेला माणूस. आज सगळे त्याच्याशी हात मिळवत होते आणि तो सारखा दादा, दादा करत माझ्याकडे येत होता. ते दादासुद्धा टोचतं. जरा मिजास केली असती, तर मला निवांत राग तरी धरता आला असता.

निळ्या मीटरकडे बघवत नाही. अँपियरवर अजून शून्यच.

१५ मार्च, शनिवार
डोकं दुखतंय म्हणून रजा. दुपारभर झोपलो.

१६ मार्च, रविवार, सकाळी
चमत्कार! जुना बल्ब आणि बॅटरी जोडून सहज बघितलं, तर मीटर पुन्हा अँपियर दाखवतोय. आपोआप बरा झाला. याला म्हणतात टिकाऊ! पिवळ्याला हे जमेल का?

हिला धावत जाऊन सांगितलं. ती भाजी चिरत होती. मान वर न करता म्हणाली, काल तुम्ही घोरत होतात तेव्हा धाकटीचे मिस्टर येऊन गेले. मागचं झाकण उघडून काचेची नळी की काय ती बसवली. दादांना सांगू नका म्हणाले, म्हणून सांगितलं नाही.

मी फ्रिजकडे बघितलं. मिक्सर तिथे नव्हता. ओट्यावर होता, झाकण लावलेला, आत चटणी वाटलेली.

१७ मार्च, सोमवार
नव्या खोलीत पहिला दिवस. दादा बरोबर असतील तरच खोली घेतो, असं साडू मालकांना म्हणाला म्हणे. बरोबरच आहे. अनुभवी माणूस लागतोच.

निळा मीटर खिळ्याला टांगलाय. त्याचा टॉर्च बरा आहे, असं साडू स्वतःहून म्हणाला.

काम जबाबदारीचं आहे. काळी वायर गाडीच्या बॉडीला टेकवून उभं राहायचं, जरासुद्धा हलू द्यायची नाही. ती सुटली की सगळे आकडे खोटे. दिवसभरात एकदाही सुटली नाही. घरी हिने विचारलं, खोलीत नक्की काय करता? म्हटलं, अर्थिंग पूर्ण माझ्याकडे आहे.

लाल वायर तोच धरतो.