जिन्याखालचा कावळा

प्रिय ठोंब्या,

मावशीकडे दोन-तीनदा फोन केला. दरवेळी तू झोपला आहेस असं तिने सांगितलं. तिला खोटं बोलता येत नाही. शेवटच्या वेळी तर मागून तुझा खोकला ऐकू येत होता. म्हणून लिहिते आहे. पेपरच्या गाडीचा ड्रायव्हर हे तुझ्या हातात देईल. त्याला बसवून चहा दे आणि तुझं वाचून होईपर्यंत जाऊ देऊ नकोस. का, ते शेवटी सांगते. आधी सांगितलं तर तू पुढचं वाचणारच नाहीस, तुझा स्वभाव मला माहीत आहे.

मला भीती वाटते आहे. तुझ्यापाशी कधी हे कबूल केलं नाही, मोठी बहीण ना मी! पण हल्ली भर दुपारीही मी दाराला कडी घालून बसते. जिन्यावर पाऊल वाजलं की हातातलं काम थांबतं, आणि ते पाऊल वरच्या मजल्याकडे गेलं की मगच श्वास सुटतो. फोन वाजतो, उचलला की पलीकडे कोणी बोलत नाही, नुसता रस्त्याचा आवाज येतो. परवा दूधवाल्यावर ‘कोण आहे?’ म्हणून अशी काही ओरडले की त्या बिचाऱ्यानेच दचकून पिशवी टाकली. दारात सगळं दूध. तो पुसत होता आणि मी त्याची माफी मागत रडत होते. खाली शिंप्याने मशीन थांबवून विचारलं, काय झालं हो ताई? काही नाही म्हटलं.

शिंप्याला पाहिलं की मला सगळं पहिल्यापासून आठवतं. तू दुकानांच्या पाट्या रंगवायचास आणि मी पेपरात मुद्रितं तपासायची. एका दुपारी कुणाची तरी जाहिरात ऐनवेळी रद्द झाली, पानात भोक पडलं आणि जुने संपादक म्हणाले, काहीही आणा पण भरा. मी तुला ऑफिसात बोलावून घेतलं. आपल्या जिन्याखाली बसणारा, ओठांत टाचण्या धरून बोलणारा शिंपी मी चार वाक्यांत लिहिला आणि तू पाटीच्याच ब्रशने तो चार चौकटींत काढलास. तिसऱ्या चौकटीत शाईचा हा एवढा डाग पडला. दुसरा कागद घ्यायला वेळ नव्हता. तू शिव्या घालत त्या डागाला चोच काढलीस, दोन पाय काढलेस, आणि आपला ‘मुकादम’ जन्माला आला. दुसऱ्या दिवशी लोकांनी शिंप्याबद्दल एक अक्षर विचारलं नाही. सगळे विचारत होते, तो कावळा उद्या येणार का?

मग तो रोजच येऊ लागला. आपली ‘जिन्याखाली’ ही चित्रपट्टी वाचल्याशिवाय पहिलं पान न उघडणारी माणसं आहेत हे आपल्याला हळूहळू कळलं. खरा शिंपी मात्र रुसला होता. माझं नाक एवढं लांब आहे का, म्हणून त्याने तुझ्या पँटची शिलाई मुद्दाम वाकडी घातली होती. आणि आपली भांडणं! ‘ताई, तू फार बोलतेस, तुझा संवादाचा फुगा माझी अख्खी चौकट खातो’ हे तुझं रोजचं रडगाणं. मी म्हणायची, तुझ्या कावळ्याला तोंड आहे ते माझ्यामुळे. वीस-बावीस वर्षं आपण एकाच टेबलाच्या दोन बाजूंना बसून भांडलो. आपल्या दोघांचाही संसार झाला नाही, तो बहुधा त्यामुळेच. कुणाला मध्ये बसायला जागाच नव्हती.

कालव्यावरचा पूल पडला, तेव्हा मेलेल्यांत आपल्या छापखान्यातला, पानं जुळवणारा जुळारी होता. चिडका, पण आपली पट्टी पानात लावताना हटकून हसणारा. त्याच कंत्राटदाराला पूल पुन्हा बांधायला मिळाला, तेव्हा तू ब्रश आपटून म्हणालास, लिही. मी लिहिलं. शिंपी मुकादमला म्हणतो, अरे, नवा पूल झालाय, बस की कठड्यावर. मुकादम म्हणतो, ‘पंख आहेत म्हणून काय झालं, जीव एकच आहे.’ लोकांनी ती पट्टी कापून दुकानांत चिकटवली. चहाच्या टपरीवर, औषधाच्या दुकानात, बसच्या मागच्या काचेवर. आपण दोघं मिरवत होतो, आठवतं?

आणि मग तू जिन्यावरून पडलास.

मी दवाखान्यात आले तेव्हा तू भिंतीकडे तोंड करून पडला होतास. ‘पाय घसरला’ एवढंच म्हणालास. डॉक्टरीणबाई हात बांधताना मला म्हणाल्या होत्या, पडताना माणूस हात टेकतो, मनगट मोडतं. तळव्याला साधं खरचटलेलंही नाही आणि बोटं अशी कशी मोडली? मी त्यांचं बोलणं कानाआड केलं. सगळ्यात जास्त राग तुझाच येत होता मला. तू माझ्याशी बोलेनास, काही सांगितल्याशिवाय मावशीकडे निघून गेलास, मुकादमला आणि मला वाऱ्यावर सोडून. पेपराने जुन्या पट्ट्या पुन्हा छापायला घेतल्या. चित्रकार आजारी आहेत, एवढंच खाली लिहिलं. कोणता आजार, ते कुठेच लिहिलं नाही.

मागच्या आठवड्यात सकाळी एक माणूस आला. पस्तिशीचा असेल, इस्त्रीचा शर्ट, हातात फळांची टोपली. बूट दाराबाहेर काढून, ताई, येऊ का, असं विचारून आत आला आणि तुझ्या खुर्चीत बसला. शाळेत असल्यापासून ‘जिन्याखाली’ वाचतो म्हणाला. खोटं नव्हतं ते. आपणही विसरलेल्या पट्ट्या त्याला तोंडपाठ होत्या. मीही हसले, मूर्ख. पाणी दिलं. ते प्यायला आणि म्हणाला, ‘दादांची बोटं कशी आहेत? मधली दोन जरा जास्तच चेपली होती.’

चेपली. ठोंब्या, जिन्यावरून पडून बोटं चेपत नाहीत. दारात चेपतात, नाहीतर टेबलाच्या खणात. माझ्या हातातला तांब्या मी खाली ठेवला. तो हसतच होता. ‘मावशींकडची हवा चांगली आहे. त्यांना तिथेच राहू द्या. आणि तुम्ही दिवसभर घरी एकट्याच असता, नाही का?’ त्या क्षणी मला कळलं की हेच वाक्य तुलाही ऐकवलं असणार. तू गप्प का राहिलास, भिंतीकडे तोंड का केलंस, फोनवर का येत नाहीस, तेही कळलं. माझ्याकडे पाहिलं असतंस तर तू सांगून टाकलं असतंस.

जाताना त्याने एकच मागितलं. त्याच्या मुलीला मुकादम फार आवडतो, तर तिच्यासाठी एक काढून द्या. मी म्हटलं, मला चित्र येत नाही, मी फक्त लिहिते. तो म्हणाला, प्रयत्न करा. आणि खुर्चीत मागे रेलला. मी तुझी दौत उघडली, शाईवर साय धरली होती. ब्रश टेकताच डाग पडला. त्या डागाला मी चोच काढली, कारण तू तसंच करताना मी पाहिलं होतं. डोळा काढला. कावळा झाला, रे! ओबडधोबड, पण मुकादमच. फक्त त्याच्या डोळ्यात भीती होती. तुझा मुकादम कधी घाबरला नाही. तो माणूस कागदाकडे जरा वेळ बघत राहिला, मग घडी न घालता जपून घेऊन गेला. मी त्याच्यामागे दाराला कडी घातली.

त्यानंतर मी रोज कावळे काढते आहे. दुसरं काही सुचतच नाही. काल एक अख्खी पट्टी झाली. मुकादमच्या पंखाला बँडेज बांधलेलं आहे. शिंपी विचारतो, काय रे झालं? मुकादम म्हणतो, जिन्यावरून पडलो. शिंपी ओठांतल्या टाचण्या काढतो आणि म्हणतो, ‘कावळा? जिन्यावरून?’ शेवटच्या चौकटीत फुगा नाही. मुकादम नुसता वाचणाऱ्याकडे बघतो. तुझी तक्रार होती ना, मी फार बोलते म्हणून.

आताच्या संपादकबाईंनी ती वाचली, उठून केबिनचं दार लावलं. मग म्हणाल्या, मी छापते, घाबरत घाबरत छापते. पण हात त्याचा मोडलाय, त्याला विचारा. म्हणून हे पत्र. आज रात्री छापायच्या पानासाठी दोन्ही पट्ट्या तयार ठेवल्या आहेत, एक जुनी आणि एक ही. सही माझी एकटीची केली आहे. ड्रायव्हर परत येईल तेव्हा त्याच्याकडून बाईंना तुझा एक शब्द हवा आहे. ‘नको’ म्हणालास तर जुनी जाईल, मी तुला कधी ‘का’ विचारणार नाही, आणि खरं सांगू, मला हायसंच वाटेल. ‘हो’ म्हणालास तर मावशीला काहीतरी कारण सांग आणि तिला घेऊन याच गाडीत बस. ड्रायव्हरला पत्ता दिला आहे, त्याच्या बहिणीचं घर आहे, तिथे आपल्याला कोणी ओळखत नाही. मीही संध्याकाळी तिकडेच येते. कपड्यांची पिशवी भरून दाराशी ठेवली आहे आणि तिच्याकडे बघत मी बसले आहे. तुझं ‘नको’ येईल याची भीती वाटते, रे, आणि ‘हो’ येईल याची त्याहून जास्त. पण विचारल्यावाचून राहवलं नाही.

तुझीच, घाबरट
ताई