येऊन राहिला

मु. अमरावती
कार्तिक वद्य ३, शके १७८८

तीर्थरूप चंद्रभानदादांचे चरणी बालक सूर्यभानाचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

मी येथे खुशाल आहे. आईने दिलेले लाडू माझा शाळासोबती देवीदास आणि मी मिळून चार दिवसांत संपवले, हे तिला सांगू नये. पार्बताबाईंच्या भाजीच्या वाडीतली खोली तुम्ही पाहिलीच आहे. भाकरी आता मीच थापतो. पहिल्या भाकरीला कोणत्या देशाचा नकाशा म्हणावे ते कळत नाही, पण दुसरी-तिसरी बरी येते. पार्बताबाई रोज वांगी नाहीतर मेथी आणून ठेवतात. त्यांचा मुलगा शेषराव सकाळपासून मोट हाकतो. त्याच्या मोटेच्या कुरकुरीने मला जाग येते.

शाळेचे म्हणाल तर इंग्रजी आणि भूगोल बरे चालले आहे. अडचण मराठीची आहे. फाटक मास्तर पुण्याकडचे आहेत. त्यांनी एकदा काय करतोस म्हणून विचारले. मी उत्तर लिहून राहिलो, असे सांगितले. त्यावर त्यांनी, उत्तर लिहून मग कोठे मुक्काम केलास, असे विचारले. कारकुनांची मुले पोट धरून हसली. तेव्हापासून तोंडून ‘राहिलो’ निघाले की बाकावर उभे राहायचे. मास्तर वाईट नाहीत, मारीत नाहीत, पण या पंधरवड्यात मी बसलो कमी आणि उभा जास्त. हे पत्र लिहितानासुद्धा दोनदा ‘मले’ आले ते खोडले आहे.

गेल्या रविवारी देवीदास आणि मी आगगाडीचे इंजिन पाहायला बडनेऱ्याला चालत गेलो. येताना पाय दुखले म्हणून एका कापसाच्या गाडीवर बसलो. घरी आलो तर पार्बताबाईंना वाटले, पोराचे केस एका दिवसात पांढरे झाले.

आईस व वहिनीस साष्टांग नमस्कार. माया आहे तशी ठेवावी ही विनंती.

आपला आज्ञाधारक
सूर्यभान


मु. अकोला
कार्तिक वद्य ९

चि. सूर्यभानास चंद्रभानाचा आशीर्वाद. उपरी.

तुयं पत्र मायले वाचून दाखवलं. अर्ध्यात तिनं मले थांबवलं अन् इचारलं, हे कोन्या पुनेकराचं पत्र आपल्या घरी आलं. तुया वहिनीनं पदर तोंडाले लावला. बाप्पा, तू सहा महिन्यांत असा ‘मला-तुला’ बोलाले लागला तर पुढच्या साली आमाले दुभाष्या ठेवा लागन. शाळेत मास्तर म्हनते तसंच लिही. तथी त्याइचं राज्य हाय. पन घरी लिहितांनी खोडाखोड काहून करतं? मायले तुया अक्षरात तुया आवाज पायजे.

आमी इकडं कापूस वेचून राहिलो. तिकडं अमेरिकेतली लढाई सरली तवापासून भावात पहिल्यासारखा दम नाई, पन वेचनी काई थांबत नाई. ठेसनावर कापसाच्या बंड्यायची रांग लागली हाय. ज्याच्याजवळ चांगली बैलजोडी तोच राजा. मायी मोऱ्या-चांद्याची जोडी पाहून रोज एक तरी मानूस इचारते, भाड्यानं देता का. मी कोनाले देत नाई.

वहिनीनं जवसाची चटनी देल्ली हाय, ती आपला गडी शालिकराम आनून देईन. बडनेऱ्याले पायी जाऊन पाय सुजवू नोको.

मायेनं आठवन ठेवजो.

चंद्रभान


मु. अमरावती
मार्गशीर्ष शुद्ध ६

तीर्थरूप दादांस सूर्यभानाचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

चटणी पोचली. आता यापुढे लिहितो ते चांगले नाही. परवा शेषरावला शिपायांनी धरून नेले. त्याची बैलजोडीही नेली.

झाले ते असे. गेल्या बुधवारी भर दुपारी वाडीबाहेरच्या रस्त्यावर कापसाच्या गाड्या थांबल्या होत्या. चांदूर बाजारचे उत्तमराव नावाचे गाडीवान आपले बैल सोडून, निंबाला बांधून, गाडीखाली लवंडले. जागे झाले तेव्हा बैल नव्हते. त्याच सुमाराला एक अनोळखी माणूस दोन बैल घेऊन बांधावरून वाडीत आला आणि बैलांना पाणी पाहिजे म्हणाला. शेषरावने पाजू दिले. पाणी मागणाऱ्याला कोणी नाव-गाव विचारत नाही. तो माणूस दर्यापूरच्या वाटेने निघून गेला.

तीन दिवसांनी शिपाई खुरांच्या खुणा पाहत वाडीत आले. पार्बताबाई सरळ बाई, त्यांनी घडले ते सगळे सांगितले. कचेरीत त्यांचा जबाब झाला, खाली सहीऐवजी निशाणी म्हणून बांगडीचे चित्र काढून घेतले, आणि सोमवारी शेषराववर ठपका आला की त्याने चोराला तीन दिवस घरात ठेवून घेतले.

बाई काल जबाबाची नक्कल कनवटीला लावून माझ्याकडे आल्या. मी वाचून दाखवली. तीत लिहिले आहे, ‘सदरहू इसम तीन दिवस आमचे वाडीत येऊन राहिला होता.’ बाईंनी कपाळावर हात मारला. मी असं बोललीच नाही म्हणाल्या. मग काय बोलल्या होत्या, असे मी विचारले. त्यांनी जसेच्या तसे सांगितले: तो मानूस वाडीत येऊन राहिला होता, मी वांगे तोडून राहिली होती, शेषराव मोट हाकून राहिला होता. किती दिवस असे कारकुनाने विचारले, तेव्हा त्यांनी तीन दिस झाले म्हणून सांगितले.

दादा, मला एकदम फाटक मास्तरांचा प्रश्न ऐकू आला. लिहून मग कोठे मुक्काम केलास? कारकूनही तिकडचेच आहेत, नुकते आलेले. बाई सांगत होत्या की तो येत होता. कारकुनांनी ऐकले की तो आला आणि राहिला. तीन दिवसांपूर्वीची गोष्ट तीन दिवसांचा मुक्काम झाली. कोणी खोटे बोलले नाही, आणि शेषराव कोठडीत आहे. मोट बंद आहे. मिरचीने माना टाकल्या आहेत. बाई रोज भाकर घेऊन कचेरीच्या दाराशी बसतात.

येत्या सोमवारी सुनावणी आहे. दोन्ही बोली ऐकू येणारा इथे मीच दिसतो. मास्तरांना सांगावे असे वाटते, पण ज्या शब्दासाठी त्यांनी मला बाकावर उभे केले तोच शब्द घेऊन त्यांच्या दारी जायचे म्हणजे पाय उचलत नाही. काय करू ते लवकर कळवावे.

आपल्या शब्दाची वाट पाहणारा
सूर्यभान


मु. अकोला
मार्गशीर्ष शुद्ध ८

चि. सूर्यभानास आशीर्वाद. उपरी.

पत्र भेटल्याबराबर लिहून राहिलो. कचेरीच्या पायरीवर पाय ठेवू नोको.

तू लहान होता, तुले आठवत नाई. बाबा एकदा दुसऱ्याच्या साक्षीले गेले होते. आज या, उद्या या, साहेब दौऱ्यावर गेले, परवा या. अख्खा हंगाम त्याइच्या चकरा चालल्या. आपल्या पऱ्हाटीचा कापूस झाडावरच लोंबला अन् वाऱ्यानं वावरभर उडाला. मी तवा तुयाएवढा होतो. एकटा वेचून वेचून मायी बोटं फाटली. शाळा मायी तवाच सुटली.

पार्बताबाई चांगली बाई हाय, शेषराव चांगला मानूस हाय, मले कबूल. पन तू पंधरा वर्साचं पोट्टं. कारकुनाची चूक काढनारा तू कोन? उद्या तुलेच इचारतीन का चोर तू पाह्यला का. तुया शाळेचं काय होईन? पत्र आयकल्यापासून मायच्या घशाखाली घास उतरला नाई. जास्त वाटलं तर शाळेतून रजा काढ अन् घरी ये.

मायं ऐकजो. तुयावर जीव हाय म्हनून लिहितो.

चंद्रभान


मु. अमरावती
मार्गशीर्ष शुद्ध १२

तीर्थरूप दादांस सूर्यभानाचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

तुमचे पत्र रविवारी सकाळी हाती आले. दोनदा वाचले. मी तुमची आज्ञा मोडली आहे, हे आधीच लिहितो, म्हणजे पुढचे वाचताना तुम्हाला वाट पाहावी लागणार नाही. बाबांची गोष्ट वाचून घरी निघावे असेही मनात आले होते. पण खोलीबाहेर पार्बताबाई शेषरावसाठी भाकर बांधत होत्या. त्यांच्यासमोरून गाठोडे घेऊन जाणे मला जमले नाही.

मास्तरांच्या बिऱ्हाडी गेलो. ते ओटीवर बसून चाकूने लेखण्या तासत होते. मी नक्कल पुढे ठेवली आणि सगळे सांगितले. बाई जसे बोलल्या तसेच बोलून दाखव, असे ते म्हणाले. दादा, ज्या शब्दापायी बाकावर उभा होतो तो त्यांच्याच ओटीवर बसून मी तीनदा म्हटला. मग त्यांनी विचारले, तू उत्तर लिहून राहिलो म्हणालास तेव्हा तुझे लिहिणे चालू होते की संपले होते? चालू होते, असे मी सांगितले. त्यांनी चाकू खाली ठेवला. मला हा तुमचा गबाळेपणा वाटत होता, इतकेच म्हणाले.

सोमवारी पगडी घालून ते स्वतः माझ्याबरोबर कचेरीत आले. कारकून रागावले. रोज चाळीस जबाब लिहितो, मराठी मला शिकवू नका, म्हणाले. मास्तर म्हणाले, मीही शिकवतो, आणि मलाही कालपर्यंत कळले नव्हते. तहसीलदार हैदराबादकडचे आहेत, त्यांना मराठी बेताचीच येते. दोघेही पुण्याकडचे मराठीवरून भांडतात आणि आपल्याला निवाडा करायचा आहे, याची त्यांना गंमत वाटली असावी.

कोपऱ्यात एक पट्टेवाला मोहोरेसाठी लाख पातळ करीत बसला होता. इथलाच माणूस. मास्तरांनी त्याला विचारले, काय करतोस? तो दचकला आणि म्हणाला, लाख तापवून राहिलो, सरकार. मास्तरांनी तहसीलदारांना म्हटले की याचा मुक्काम कोठे आहे ते पाहा, लाख अजून विस्तवावर आहे. मी भीत भीत बाईंचे वाक्य पुन्हा म्हटले. तेवढ्यात तहसीलदारांनी मांडीवर थाप मारली आणि स्वतःच म्हणाले, ‘यानी, आ रहा था!’ दादा, मराठी व्याकरण जाणणारे दोघे जिथे अडले ते उर्दू बोलणाऱ्याला एका क्षणात कळले. मला हसू आले ते मी दाबले.

मग त्यांनी पार्बताबाईंना समोर बोलावले, आणि एकेक गोष्ट केव्हाची ते दिवसाच्या नावाने विचारले. बुधवार, म्हणाल्या. आला कधी? बुधवार. गेला कधी? पाणी पिऊन झाल्याबरोबर. उत्तमरावांनीही सांगितले की त्यांचे बैल दर्यापूरच्या वाटेवर मोकळे फिरताना सापडले, आणि पाणी पाजणाऱ्याशी आपले वैर नाही. जबाब नव्याने लिहिला गेला. कारकुनांनी तो वाचून दाखवला आणि बाईंना बरोबर आहे का म्हणून आपणहून विचारले. शेषराव संध्याकाळच्या आत घरी आला.

मला कोणी चोराबद्दल विचारले नाही. आज शाळेत मास्तरांनी सर्वांदेखत सांगितले की परीक्षेत ‘लिहीत आहे’ असेच लिहायचे, पण वर्गात बोलताना ‘लिहून राहिलो’ला यापुढे बाक नाही. मी बसलो होतो. बसून वर्ग वेगळाच दिसतो.

सगळेच मात्र चांगले झाले नाही. कोंडवाड्यात शेषरावच्या एका बैलाला दुसऱ्या बैलाने शिंग मारले. पुढचा पाय टेकत नाही. मोट एका बैलावर चालत नाही, आणि सध्या भाड्याने जोडी मिळणे तुम्हाला ठाऊकच आहे. देवीदास, मी आणि वर्गातले सहाजण शाळा सुटल्यावर घागरी वाहतो. त्यातले दोन कारकुनांचे मुलगे आहेत. मिरचीच्या चार ओळी भिजतात, बाकीच्या पाहत राहतात.

आज्ञा मोडल्याची क्षमा मागतो. रागावलात तरी पत्र पाठवावे.

आपला अपराधी
सूर्यभान


मु. अकोला
मार्गशीर्ष वद्य १

चि. सूर्यभानास आशीर्वाद. उपरी.

तुयं पत्र भेटलं. राग आला होता, खोटं लिहीत नाई. पत्र खिशात घालून वावरात गेलो अन् दुपारलोक एकटाच कापूस वेचला. मंग घरी येऊन मायले वाचून दाखवलं. लाखवाल्याच्या जागी ती असी हासली का तुया वहिनीले पानी आनून द्या लागलं. ती जागा मले तीनदा वाचा लागली. आता ती चांगली जेवते.

एक गोष्ट तुले मी लिहिली नव्हती. बाबा ज्याच्या साक्षीले गेले होते तो मानूस सुटला होता. त्याचे दोन लेकरं होते. तो दर साली आपल्या घरी येऊन बाबाच्या पाया पडे. मी तवा वेचनीच्या रागात होतो, म्हनून मले उडून गेलेला कापूसच दिसला, अन् अजूनलोक तोच आठवत होता. मायनं काल मले इचारलं का तू लहान्याले अर्धीच गोष्ट काहून सांगतली.

शालिकराम उद्या सकाळी मोऱ्या-चांद्याले घेऊन निघून राहिला. तिसऱ्या दिसी तुयाकडं पोचन. आपला कापूस ठेसनावर नेनं थोडं लांबन, लांबू दे. शेषरावच्या बैलाचा पाय सुधरेलोक जोडी तथीच राहू दे. त्याले सांगजो, मोऱ्या डाव्या बाजूनं चालते, उजव्या बाजूले जुपला तर तो रुसते. चांद्याले चाबूक दाखवू नोको, नुसतं नाव घेतलं का तो निघते. मोटेची सवय दोघाइले नाई, पयले दोन दिस रिकामीच हाकजो. दुपारी सावली पायजे.

पार्बताबाईले मायचा रामराम. त्या वाडीत तुया जीव लागला हाय, तो तसाच लागून राहू दे, अन् आमाले बी त्यातला थोडा पाठवत राहजो.

तुया दादा
चंद्रभान