बोरन्हाणात लुटला गेलेला पूल

उज्जैन, संक्रांतीनंतरचा रविवार, १९९६. संध्याकाळ.

आईवर ओरडलो. तेही सगळ्या पाहुण्यांसमोर.

तुकडे जोडून पूल बांधायचा तो सेट फक्त मुंबईत मिळतो. इथल्या फ्रीगंज बाजारातला दुकानदार तर हसलाच, "भाईसाहब, ऐसा माल इधर कौन भेजता है?" इंदूरलाही तेच. शेवटी मुंबईच्या मावसभावाने आणून दिला. खोका मी फोडला नाही. रोज कपाट उघडून वरच्या चित्रातली लाल कमान तेवढी बघायचो.

आज चिनूचं बोरन्हाण. वर्षभराच्या माझ्या लेकाच्या डोक्यावर बोरं, मुरमुरे, गोळ्या ओतायच्या आणि पोरांनी लुटायच्या. आईने त्यात सेटचे तुकडेही मिसळले. कॉलनीतल्या पोरांनी खिसे भरभरून नेले. लाल कमान कुणाच्या खिशात गेली, देव जाणे.

"अरे, चिनूसाठी आणलंय असं तूच म्हणाला होतास ना?" आई एवढंच म्हणाली.

म्हणालो होतो. चाळिशीच्या माणसाने स्वतःसाठी खेळणं मागवलं, हे घरात कोणत्या तोंडाने सांगणार? मग ओरडलो तरी कोणत्या तोंडाने?

पाहुणे गेल्यावर आई सांडलेले मुरमुरे सुपात घेऊन निवडत बसली होती. आत्ता मी हे लिहितोय तिथे आली आणि मूठ उघडली. लाल कमान नव्हती. एक पिवळा तुकडा.

"एवढाच सापडला. तुझाच होता ना रे तो सेट?"

लहानपणी प्रसादाला करायचो तसा नुसता हात पुढे केला.