एक गोळी, एक पक्षी

ती. दाजी, आणि दाजींचा चष्मा सापडेपर्यंत हे पत्र मोठ्याने वाचून दाखवणारी ताई,
दोघांनाही नमस्कार.

एका पक्ष्याची मला पडलेली खरी किंमत आधी सांगून टाकतो, म्हणजे पुढचं ऐकताना तुम्ही मनात बेरीज करत बसणार नाही. कचेरीच्या नऊ फेऱ्या, दोनशे पानी वही एक, सहा आठवड्यांच्या टाळ्या (आपण वाजवायच्या, मिळालेल्या नव्हेत), मुकादमाचा बसलेला घसा, हिचा तीन दिवसांचा अबोला, आणि गोदामाच्या छताचा एक पत्रा. पत्र्याचं शेवटी सांगतो. एवढ्या उस्तवारीत माणसाने एखादा शहामृग वाढवला असता.

तुमचा गुडघा कसा आहे? ताई मागे फोनवर म्हणाली की तुम्ही जिना उतरताना पायऱ्या मोजता आणि चढताना बांधणाऱ्याचा उद्धार करता. दोन्हीची गरज नाही. तळमजल्यावरची खोली मागून घ्या, मुलगी तुमचीच आहे. आमच्याकडे सगळं ठीक. माझ्या लोखंडी कपाटात ठेवलेली तुमची रायफलही ठीक. तुम्ही मुलीकडे राहायला गेलात तेव्हा ताईने सांगितलं होतं की नातवंडांच्या घरात एकतर ती राहील नाहीतर रायफल राहील, आणि तुम्ही उत्तर द्यायला जो वेळ घेतलात तो ताई अजून विसरलेली नाही. तेव्हापासून ती ठेव माझ्याकडे. माझा पहिला वजनकाटा तुम्ही दोन वर्षं तुमच्या जिन्याखाली ठेवून घेतला होता आणि भाड्याचं नाव काढलं नव्हतं, त्यामुळे ती सांभाळणं माझं कामच आहे. रायफल सुखरूप आहे, एवढं मनात पक्कं धरा आणि पुढे ऐका.

तर आमच्या गोदामात कबुतरं झाली. धान्य निवडायचा कारखाना म्हटल्यावर कबुतरं यायचीच, ती काही बँकेत जाणार नाहीत. पण इतकी वर्षं ती अंगणात सांडलेलं टिपून निघून जात. यंदा वरचा एक झरोका फुटला आणि अकरा जणांनी तुळईवर कायमचा मुक्काम ठोकला. अकरा हा आकडा मी मोजून नाही, ऐकून सांगतो. माझे कान तुम्हाला ठाऊक आहेत. पोती वाहायचो तेव्हापासून मी नुसत्या आवाजावरून सांगतो, पोत्यात दाणा किती आणि खडा किती. चार चाळण्या एकदम चालू असल्या तरी कुठलं बेअरिंग कोरडं पडलंय ते मला केबिनमध्ये बसून कळतं. मुकादम म्हणतो, साहेबांच्या पाठीमागे बोलायचं असेल तर शेजारच्या गावात जाऊन बोलावं लागतं. (हे तो माझ्या पाठीमागेच म्हणाला होता.)

एरवी मी त्या अकरांना राहू दिलं असतं. पण याच वेळी बिस्किटांच्या मोठ्या कारखान्याची मागणी आली. वर्षभराचं काम, पाळीत दहा माणसं वाढवावी लागतील एवढं. अट एकच, त्यांचा तपासनीस आधी येऊन गोदाम बघणार. एक पीस दिसलं, एक विष्ठेचा ठिपका दिसला, की कागद परत. तपासनीस दोन महिन्यांनी येणार होता, आणि आमच्या तुळईखाली सकाळी झाडलेली जमीन दुपारी चुना मारल्यासारखी दिसायची. दहाची दहा माणसं मी तोंडी सांगून ठेवली होती. त्यांतल्या एकाने जुनी नोकरीही सोडली होती. आता सांगा, मला रायफल आठवली यात काय चुकलं?

पण मी कायद्याने चालणारा माणूस. तुमच्या रायफलला हात लावण्याआधी मी कचेरीत गेलो आणि सरळ विचारलं, उपद्रवी पक्ष्याला गोळी घालता येते का. माझा समज होता की याचं उत्तर हो किंवा नाही असं असतं. दाजी, याचं उत्तर तीन खिडक्यांत वाटलेलं आहे. पहिल्या खिडकीला फक्त पक्षी कळतो. तिच्यामागच्या बाईंनी यादी काढली. कबुतर उपद्रवींच्या यादीत आहे, धान्याच्या गोदामात मारता येतं, पण पायात कडी असेल तर ते कुणाच्या तरी मालकीचं, त्याला हात लावायचा नाही. शिवाय दुसरी एक यादी होती, संरक्षित पक्ष्यांची, त्यांच्याकडे वाकड्या डोळ्याने बघणंही गुन्हा. ती मी वाचली नाही, कारण आमच्याकडे कबुतरंच होती. बाई जाता जाता म्हणाल्या की झरोक्याला जाळी का नाही लावत. मी त्यांना विषय कळलेला नाही असं धरून दुसऱ्या खिडकीकडे सरकलो.

दुसऱ्या खिडकीला जागा कळते. गोळी तुमच्या भिंतीबाहेर जाता कामा नये, आसपास माणूस नको, आणि त्याआधी निदान सहा आठवडे बिनहत्यारी उपाय केल्याची रोजची लेखी नोंद हवी. म्हणजे गोळी घालण्यापूर्वी पक्ष्याला समजावून सांगितलं होतं याचा पुरावा. तिसऱ्या खिडकीला हत्यार कळतं. तिथल्या कारकुनाने विचारलं, रायफल कुणाची. मी म्हटलं, घरचीच. यात खोटं काय आहे? ताई माझी सख्खी बहीण. त्यावर तो परवानाधारकाने स्वतः हजर राहण्याबद्दल काहीतरी म्हणाला. कान तिखट असण्याचा मोठा फायदा हा की काय ऐकायचं नाही हेही माणसाला वेळेवर कळतं.

वही मुकादमाकडे दिली. त्याचं अक्षर छापल्यासारखं आहे आणि स्वभाव अक्षरासारखाच, जे घडलं ते, एक शब्द इकडे नाही की तिकडे नाही. पहिल्या दिवशी त्याने लिहिलं, ‘टाळ्या वाजवल्या. पक्षी उडाले. टाळ्या थांबल्या. पक्षी बसले.’ पुढे पत्र्याचे डबे बडवले, त्याची नोंद, ‘पक्षी उडाले नाहीत. शेजारचे लोक आले.’ मग त्याने स्वतः तासभर ओरडून पाहिलं. ‘दोन हमाल घरी गेले. पक्षी हजर.’ चकाकत्या चकत्या टांगल्या, तर कबुतरं त्यांत बघून मान साफ करू लागली. त्यांच्यातलं एक गलेलठ्ठ, छाती काढून फिरणारं, ते सगळ्यात आधी. त्याला आम्ही चेअरमन म्हणायचो.

चौथ्या आठवड्यात हिने प्लॅस्टिकचं घुबड आणलं. डोळे पिवळे, मान वाऱ्याने हलणारी, पक्षी म्हणे बघूनच पळतात. मुकादमाने ते सुतळीने तुळईला बांधलं. पहिल्या दिवशी खरंच सगळे पळाले आणि हिने मला दिवसभर तो विषय ऐकवला. तिसऱ्या दिवशी वहीत नोंद झाली, ‘चेअरमन घुबडाच्या डोक्यावर बसलेले आढळले.’ पुढे ती त्यांची कायमची जागा झाली. सभेला बसल्यासारखे ते घुबडाच्या डोक्यावर, आणि उरलेले दहा दोन्ही बाजूंना ओळीने.

सहा आठवडे भरले. वही बघून पहिल्या खिडकीच्या बाई इतक्या हसल्या की दुसरी खिडकी बघायला आली. पण शिक्का मिळाला. कबुतरं अकरा, मुदत एक महिना, आणि गोळी झाडल्यापासून आठ दिवसांत छापील अहवाल भरून द्यायचा. तपासनीस बुधवारी यायचा होता. मी रविवार सकाळ धरली, चाळण्या बंद, माणूस कोणी नाही, फक्त मुकादम वही घेऊन.

हिला मी सांगितलं होतं की रायफल नुसती पुसायला काढतोय. ती म्हणाली, “पुसायची आहे तर गोळ्या कशाला मोजताय?” आणि तिथून तो अबोला सुरू झाला.

दाजी, तुम्ही कप मिळवलेत ते कागदाच्या गोल ठिपक्यांवर. ठिपका आपल्याकडे बघत नाही. मी पोत्यांच्या थप्पीमागे गुडघा टेकून बसलो, डोळे मिटले, आणि आधी कानाने जागा धरली. घूं घूं करून चेअरमन काहीतरी ठराव मांडत होते. मग डोळे उघडले, नेम धरला, श्वास सोडला (तुम्हीच शिकवलं होतं, शेतावरच्या त्या दुपारी, बाटल्यांवर) आणि चाप ओढला. पत्र्याच्या गोदामात गोळीचा आवाज कसा होतो ते मी लिहून सांगू शकत नाही. पुढचा तासभर मला मुकादमाचे नुसते ओठ हलताना दिसत होते. पण धूर गेला तेव्हा तुळई रिकामी होती आणि खाली जमिनीवर पक्षी पडला होता. एक गोळी, एक पक्षी. मी आयुष्यात दुसऱ्यांदा रायफल हातात धरली होती, हे लक्षात घ्या. तुमच्या कपाटातल्या कपांना माझा नमस्कार सांगा.

बाकीचे त्या आवाजाने जे गेले ते चार दिवस फिरकले नाहीत. सोमवार-मंगळवार आम्ही गोदाम धुऊन पुसून असं केलं की मलाच आत चपला घालून जायची लाज वाटावी. बुधवारी तपासनीस आला. शिडी लावून तुळईवर हात फिरवला, हात बघितला, आणि पास केलं. दहाही माणसं त्यापुढच्या सोमवारपासून कामावर आहेत. नोकरी सोडलेल्याने पहिल्याच दिवशी एक चाळणी फाडली, पण ते असो.

गुरुवारी कबुतरं परत आली. शुक्रवारी मी झरोक्याला जाळी लावली. अर्ध्या दिवसाचं काम, सुतार एकटाच होता. आता ती बाहेर अंगणात टिपतात. पहिल्या खिडकीच्या बाईंना तसं सांगायला मी अजून गेलेलो नाही.

गुडघ्याला जपा. ताईला सांगा की तिच्या हातची शाल मी रोज वापरतो.
आपला धाकटा मेहुणा

ता. क. रायफल सुखरूप आहे म्हणालो ते शब्दशः खरं आहे. कचेरीच्या तिजोरीत माझ्या कपाटापेक्षा जास्त सुखरूप आहे. जप्तीची पावती सोबत जोडली आहे, ती जपून ठेवा.

ता. क. २. पावती तुमच्या नावाची का, तर परवाना तुमच्या नावाचा म्हणून. त्याच कारणाने नोटीसही तुमच्याच नावाची आहे, येत्या मंगळवारी सकाळी अकराला हजर राहण्याची. गोष्ट अशी की छापील अहवाल मुकादमाने भरला. गोळ्या : एक. पडलेले पक्षी : एक. पक्ष्याची जात : घुबड. अक्षर इतकं सुरेख होतं की मी न वाचताच सही केली. घुबड संरक्षितांच्या यादीत पहिल्याच पानावर आहे, हे आता मला तिन्ही खिडक्यांनी वाचून दाखवलंय. मी मुकादमाला विचारलं, अरे, हे काय लिहिलंस? तो शांतपणे म्हणाला, “साहेब, पडलं तेच लिहिलं.” तेव्हा दाजी, मूळ परवाना घेऊन तुम्ही या. रायफल तुम्हीच मला सांभाळायला दिली होती आणि न विचारता वापरली ती मी, हे मी पुढे होऊन सांगेन, दंड असेल तो माझा. तुम्ही फक्त तिथे बसा आणि कप मिळवलेल्या माणसासारखे दिसा. कचेरी दुसऱ्या मजल्यावर आहे, पण जिना रुंद आहे आणि मी एका बाजूने धरीन. ताई, हे वाक्य त्यांना जरा हळू आवाजात वाचून दाखव.

ता. क. ३. ते प्लॅस्टिकचं आहे हे दाखवायला घुबड पुराव्यासाठी बरोबर नेतोय. गोळीचं भोक साहेबांना पटकन दाखवता यावं म्हणून काल रात्रीच्या जेवणाआधी ते पुसून नीट पाहिलं, मुकादमालाही पाहायला लावलं. मानेला बांधलेली सुतळी झिजून तुटलेली आहे, चेअरमन दचकून उडाले तेव्हाच तुटली असणार. घुबडाला भोक कुठेही नाही. ते छताच्या पत्र्याला आहे.